आजोबाची मासोळी

आमच्या देवळात रविवारी मी एकटीच असते. हे आधीच सांगून टाकते, नाही तर मधातच कोणी तरी ‘अरेरे’ करते अन् मले त्याचा राग येते. देऊळ म्हणजे चर्च. शहरातले लोक चर्च म्हणतात. आमच्या बारवखेडात ख्रिस्ती असो, हिंदू असो का मुसलमान, सगळे त्याले ‘साहेबाचं देऊळ’च म्हणतात. खामगावाहून चिखलीकडं येताना फाट्यावर उतरलं का दीड कोस पायी. आधी बारव लागते, मंग आमचं देऊळ, मंग गाव.

मी सुचिता तायडे. सदतीस वर्षं नर्सची नोकरी केली. गावातले अर्धे लोक माह्या हातावर जन्मले, म्हणून ते मले सिस्टरबाई म्हणतात अन् मी रागावली तरी ऐकून घेतात. लग्न केलं नाही. काऊन, ते विचारू नका. एके काळी आमची अकरा घरं होती इथं. कोणी पुण्याले गेलं, कोणी नागपूरले, उरलेले मागच्या कबरस्तानात हायेत. शेवटी माही भाऊजय वंदना होती. तीन वर्षांआधी तीबी गेली. तवापासून बारा बाकं अन् मी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा खामगावाहून येत, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते मोबाइलवर संदेश पाठवतात. तो मी मोठ्या आवाजात लावते, म्हणजे देवळात माणसाचा आवाज होते. एकटीनं गाणं म्हणाले लय जड जाते. दुसऱ्या कडव्यालेच गळा बसते माहा.

हे देऊळ बांधलं त्याले यंदा शंभर वर्षं झाली. साहेब म्हणजे परदेशातला मिशनरी, दोन वर्षं राह्यला अन् तापानं मेला. दगड मात्र इथलेच, अन् लय जुने. बारवेच्या काठी हेमाडपंती ओवऱ्या होत्या, त्या कधीच्या पडून गेलेल्या. ते पडके दगड त्या वेळच्या पाटलानं साहेबाले नेऊ दिले. म्हणून आमच्या भिंतीत कुठं अर्धं कमळ दिसते, कुठं घडवलेली पट्टी, अन् मधातच एक दगड साधा. पाहुणे पाह्यतात तं म्हणतात, हे काय गोधडीवानी! गोधडी तं गोधडी. शंभर पावसाळे झेलले तिनं.

अन् ते बांधलं माह्या आजोबानं. इंद्रभान गोविंदा तायडे. लहानपणापासून मी हेच ऐकत आली. माहा बाप सांगे, आत्या सांगे, मंडळीतले सगळे म्हातारे सांगत. साहेबानं कागदावर रेघा ओढल्या, पण दगडावर दगड इंद्रभाननं चढवला. आता कोणी म्हणन, पुरावा काय? तं पुरावा होता. दाराच्या उजव्या अंगाले, हात जाईन इतक्या उंचीवर, एका दगडात बोटभर मासोळी कोरली हाये. मासोळी ही आमची खूण, ख्रिस्ती लोकांची, पार जुन्या काळापासूनची. आजोबानं नवा बाप्तिस्मा घेतला होता, त्यानं काम संपल्यावर आपल्या हातानं ती मासोळी कोरली अन् सहीसारखी ठेवून दिली. देवळात जाताना जो तो तिच्यावर हात ठेवूनच आत जाये. शंभर वर्षांत ती इतकी गुळगुळीत झाली का उन्हात चमकते. मीबी हात ठेवला का मले आजोबा दिसते. मी नऊ वर्षांची असताना तो गेला. त्याचा एक फोटो नाही, काही नाही. ती मासोळी हाच त्याचा फोटो.

पण कोनशिलेवर नाव कोणाचं? साहेबाचं. खाली लिवलं, ‘स्थानिक मजुरांच्या मदतीने.’ स्थानिक मजूर! हे दोन शब्द मले आयुष्यभर दातात अडकलेल्या कुसळावानी टोचत आले.

म्हणून शताब्दीची गोष्ट निघाली तवा मी कंबर कसली. खामगावच्या आमच्या मंडळाचा सेक्रेटरी गजेंद्र, त्याचा बाप माह्यासोबत नोकरीले होता. त्याले मी सात फोन केले. म्हटलं, गजेंद्र, स्मरणिका काढा नाही तं काढू नका, जेवण ठेवा नाही तं ठेवू नका, पण माह्या आजोबाचं नाव दगडावर आलं पाह्यजे. मी गेली का सांगणारं कोणी राह्यत नाही. तो म्हणाला, “आत्या, काही तरी लिहून द्या. मंडळापुढं ठेवायले कागद लागते.” मी चार पानी इतिहास लिवला. देवळाचा, बारवेचा, आजोबाचा. मासोळीचा फोटो जोडला. मंडळानं तो मंजूर केला. नवी पाटी कोरायले गेली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. त्या रात्री मी इतकी खुश होती का दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कार्यक्रमाले पंधरा दिवस होते अन् प्रेरणा आली.

प्रेरणा म्हणजे विद्यापीठातली पोरगी, जुन्या बारवांवर अभ्यास करून राह्यली होती. पाठीवर बॅग, डोक्यावर टोपी, हातात टेप. पहिल्याच शब्दात मले म्हणाली, “आजी, देवळाच्या भिंतीचे फोटो घेऊ का?”

“आजी काऊन वं? तुही आजी हाये का मी? सिस्टर म्हण.”

ती हसली. गोड पोरगी होती, राग धरवेना. दोन दिवस ती माह्याच घरी राह्यली. किती दिवसांनी घरात दुसरं ताट मांडलं मी. तिले भाकर अन् ठेचा खाऊ घातला, माहे चार पानं वाचून दाखवले, मासोळीवर तिचा हात ठेवून दाखवला. तिनं मासोळीचं माप घेतलं, तिच्यावर पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासली, खूण कागदावर उतरली. मंग तिनं तो कागद उजेडात धरून पाह्यला. म्हणाली, “सिस्टर, तुम्ही बारवेत कधी उतरला आहात का?”

“नाही.”

“कधीच नाही? ही तर समोर आहे.”

आता तिले काय सांगू? बारव देवळापासून शंभर पावलं. पण आमच्या लोकांले त्या काळी तिथं उतरू देत नव्हते. पाणी वरून कोणी ओतलं तं घ्यायचं, पायरीवर पाय ठेवायचा नाही. पुढं ते सगळं गेलं. माह्या उमरीत मले कोणी अडवलं नसतं. अडवलं असतं तं मी त्याचं डोस्कं फोडलं असतं. पण आजीनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं, ‘आपून तिथं उतरत नसतो’, अन् मी नाही उतरली. माहा बाप नाही उतरला, आत्या नाही उतरली. अकरा घरातलं कोणीच कधी उतरलं नाही. हट्ट म्हणा का सवय म्हणा. त्यायनं आमाले नको म्हटलं होतं ना, मंग आमालेबी तुमची बारव नको.

एवढं मी प्रेरणाले सांगतलं, तिनं जास्त विचारलं नाही. ती म्हणाली, “उद्या सकाळी माझ्याबरोबर याल? एक गोष्ट दाखवायची आहे. नाही आलात तरी चालेल.”

तेवढ्यात मनकर्णाबाई ताक घेऊन आली. ही माही शेजारीण, माह्याच वयाची, तिची तिन्ही बाळंतपणं मीच केली. आमचं रोज एकदा भांडण होते अन् रोज एकदा चहा. तिनं तो पेन्सिलीचा कागद पाह्यला अन् म्हणाली, “हे तं आसराची मासोळी! बारवेत कवा गेली होती वं तू सुचिता?”

“बारवेतली नोहे, देवळातली हाये. माह्या आजोबाची.”

“तुह्या आजोबाची कशी असन? खाली लय हायेत अशा. लगन होऊन आली तवा सासूनं मले तिथं नेलं होतं. साती आसरांची, पाण्यातल्या देवींची, पूजा करतो आम्ही, तवा मासोळीले कुंकू लावतो. तुले ठावं नाही?”

मले ठावं नव्हतं. साठ वर्षांची मैत्री आमची. ती कधी देवळात आली नाही, मी कधी बारवेत गेली नाही. तिनं आमची मासोळी पाह्यली नाही, मी तिची पाह्यली नाही. अन् आमी दोघी रोज उंबरठ्यात बसून जगभराच्या गोष्टी करत होतो.

“गप बस,” मी तिले म्हटलं. “तुले काय कळते त्यातलं?” ती तोंड वाकडं करून ताक ठेवून निघून गेली.

सकाळी मी बारवेत उतरली. गुडघे दुखत होते, प्रेरणानं हात धरला. पायऱ्या उंच, कडेनं कोनाडे, खाली हिरवं पाणी. उन्हाची तिरीप अर्ध्यावर येऊन थांबली होती. आत लय थंड होतं. मले आजीचा आवाज येऊन राह्यला होता सारखा. तिसऱ्या टप्प्यावर प्रेरणा थांबली अन् भिंतीवर बोट ठेवलं.

मासोळी. तेवढीच बोटभर. तशीच शेपूट, तसाच डोळ्याच्या जागी टोचा. तिच्यावर कुंकवाचा जुना थर. चार दगड सोडून आणखी एक. खाली पाण्याच्या कडेले एक, उलटी. मी मोजत गेली. नऊ झाल्या अन् मोजणं सोडलं.

प्रेरणा हळूच बोलून राह्यली होती. त्या काळी दगड घडवणारे आपापली खूण ठेवत, कोणता दगड कोणी घडवला ते कळावं म्हणून. कोणाची मासोळी, कोणाचा बाण, कोणाची चांदणी. हा मासोळीवाला सात-आठशे वर्षांपूर्वीचा. त्यानंच बारवेचे दगड घडवले, त्यानंच वरच्या ओवऱ्यांचे. ओवऱ्या पडल्या, त्यातला एक दगड आपल्या देवळात गेला. तिनं बारवेतल्या दोन खुणांचे अन् देवळातल्या खुणेचा, असे तिन्ही कागद एकावर एक धरून दाखवले. रेघेवर रेघ बसली.

“म्हणजे माह्या आजोबानं देऊळ बांधलंच नाही?”

“तसं मी म्हणत नाही, सिस्टर. बांधलंही असेल. फक्त ही खूण त्यांची नाही. त्यांना तर इथे उतरूही देत नव्हते, म्हणजे इथल्या खुणा त्यांनी कोरणं शक्यच नाही.”

मी पायरीवर बसली. आजोबा आठवाले लागला. तो मले उचलून मासोळीवर माहं बोट ठेवत होता, हे पक्कं आठवते. पण तो काय म्हणे? मी डोळे मिटून लय आठवलं. तो म्हणे, ‘पाय कशी थंड हाये.’ एवढंच. ‘मी कोरली’ असं तो म्हटल्याचं मले एकदाही आठवलं नाही. ते सगळं बापाचं, आत्याचं, मंडळीचं बोलणं. तो गवंडी होता का नुसता दगड वाहणारा मजूर होता, हेबी मले आता सांगता येईना. इतका राग आला मले. प्रेरणावर आला, मनकर्णेवर आला, त्या आठशे वर्षांआधीच्या माणसावर आला. अन् मंग रडू आलं. पोरीपुढं रडली मी, लाज नाही वाटली.

ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तर देवळातल्या दगडाचं मी लिहिणार नाही. बारवेपुरतंच लिहीन.”

“लिव,” मी म्हटलं. “सगळं लिव. खोट्यावर माह्या आजोबाले उभं करू नको.”

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी त्याच रात्री गजेंद्रले फोन लावला. म्हटलं, पाटी थांबव, माहं लिवलेलं चुकीचं निघालं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, “आत्या, पाटी कोरून आली. गाडीत ठेवली हाये. आता कोण पाह्यते इतकं? नाव तं चांगल्या माणसाचंच हाये ना?”

“गजेंद्र, चांगला होता हे मले ठावं हाये. त्यानं बांधलं हे मले ठावं नाही.”

“राहू द्या आत्या. तुम्ही थकल्या. आम्ही येतो तवा बोलू.”

मले मनातून काय वाटलं ते सांगते. मले बरं वाटलं. मी खरं सांगून मोकळी झाली, अन् नावबी राह्यलं, असं वाटलं. रात्रभर असंच वाटलं. सकाळी मात्र मले माहीच किळस आली.

कार्यक्रमाच्या दिवशी खामगावाहून दोन बस अन् चार गाड्या आल्या. बारा बाकं भरली, लोक खिडक्यांतून उभे राह्यले. गावातलेबी आले. अजहरच्या दुकानातून खुर्च्या आणल्या, मांडव टाकला. किती वर्षांनी देवळात गाणं झालं! शंभर-दीडशे गळे एकदम उठले तवा पत्रे हालले. मी पहिल्या बाकावर होती अन् गाऊ शकली नाही, नुसती ऐकत होती. वंदना असती तं, असं सारखं वाटत होतं.

पाटी भिंतीत बसवलेली होती, वेदीच्या डाव्या बाजूले, वर लाल कपडा. मंडळाच्या अध्यक्षसाहेबानं कपडा ओढला, टाळ्या झाल्या. काळ्या दगडात सोनेरी अक्षरं: ‘हे मंदिर बांधणारे कै. इंद्रभान गोविंदा तायडे.’ मंग गजेंद्र म्हणाला, आता आपल्या सुचिताआत्या दोन शब्द बोलतील.

मी उभी राह्यली. आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हटलं, “सलाम. हे नाव माह्या म्हणण्यावरून कोरलं. माहं म्हणणं चुकलं. दारातली मासोळी आमची नोहे, ती बारव बांधणाऱ्याची हाये. आम्ही कोणी बारवेत उतरलो नाही, म्हणून शंभर वर्षं आमाले हे कळलं नाही. माह्या आजोबानं हे देऊळ बांधलं का नाही, मले ठावं नाही. मले लय वाटते का त्यानं बांधलं असावं. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नोहे. पाटीवरचं नाव काढून टाका.”

मागं कोणाचं तरी लेकरू रडलं. अध्यक्षसाहेब उठले, माह्याजवळ आले, माहे दोन्ही हात हातात घेतले अन् लोकांकडं वळून म्हणाले, “पाहा! स्वतःच्या आजोबांचा मोठेपणासुद्धा या घ्यायला तयार नाहीत. ही खरी नम्रता. हाच आपल्या पूर्वजांचा वारसा.”

अन् टाळ्या! अशा टाळ्या का थांबता थांबेना. काही बायांनी डोळे पुसले. मी म्हणत होती, “अहो, नम्रता नाही, ऐका ना,” पण माइक गजेंद्रच्या हातात गेला होता अन् तो म्हणत होता, जेवण तयार हाये, आधी बाहेरगावचे बसून घ्या.

मी पंगतीत पाच-सहा जणांले गाठून सांगतलं. कोणी म्हणालं, “हो ना आत्या, किती साधे होते ते लोक.” एक जण म्हणाला, “मासोळीचा फोटो घेतला, लय भारी हाये.” वरण-बट्टी झकास झाली होती म्हणे. चार वाजता गाड्या निघाल्या, पाच वाजता बस. धूळ उडाली, बसली. मांडववाले खांब उपटून राह्यले होते.

मनकर्णाबाई त्या दिवशी पहिल्यांदा देवळात आली. चप्पल बाहेर काढली, पदर डोक्यावर घेतला, पाटीपुढं उभी राह्यली अन् एकेक अक्षर लावत वाचलं. “इं-द्र-भा-न. किती सुंदर लिवलं वं! आता तं झालं ना तुह्या मनासारखं?”

तिले सगळं ठावं होतं. तरी तिनं विचारलं. माह्यासाठीच विचारलं, मले बरं वाटावं म्हणून.

“हाव,” मी म्हटलं. “झालं.”

ती गेल्यावर मी पहिल्या बाकावर बसली. संध्याकाळ होऊन राह्यली होती, खाली पत्रावळ्या पडल्या होत्या, झाडायच्या होत्या. मी पाटीकडं पाहून आजोबाचं तोंड आठवाले लागली. आतापर्यंत कधी आठवावं लागलं नव्हतं, आपोआप दिसे. त्याच्या भुवया, कपाळावरचा डाग, मले उचलताना तो जसा हसे तसं हसणं. काहीच येईना. नुसती अक्षरं दिसत होती, सोनेरी. मी डोळे मिटले तं आतबी तीच अक्षरं.

“आजोबा,” मी म्हटलं. मंग जरा मोठ्यानं म्हटलं, “आजोबा, तूच सांग ना, तूच बांधलं ना?”

दुसऱ्या रविवारी मी पाळकसाहेबाचा संदेश लावला अन् शेवटच्या बाकावर जाऊन बसली, तिथून पाटी दिसणार नाही म्हणून. दिसते. बारा बाकं रिकामी असली का कुठूनही दिसते.